थंडी सरली, आता नळांकडे पाहा

महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे आपल्याकडे म्हणतात. वर्धा जिल्ह्यात ती खरोखरच फार रेंगाळत नाही. शिवरात्रीनंतर पंधरा दिवसांनी होळी येते आणि होळीपाठोपाठ घराघरांत कूलर खाली उतरतात. आणखी पंधरा दिवसांनी गुढीपाडवा येतो, तोवर दुपारचे ऊन अंगाला चटका देऊ लागलेले असते. शिवरात्र ते पाडवा हा जेमतेम एक महिना. घरातली टाकी, पाइप, नळ, गिझर आणि मोऱ्या यांची वर्षातली मुख्य देखभाल याच महिन्यात उरकायला हवी.

याला तीन कारणे आहेत. पहिले, थंडीत ज्या वस्तूंवर ताण आला त्यांची दुखणी या दिवसांत दिसू लागतात. दुसरे, पुढच्या अडीच-तीन महिन्यांत पारा ४५ अंशांच्या पुढे जाणार असतो आणि कच्चा राहिलेला प्रत्येक सांधा त्या उन्हात उघडा पडतो. तिसरे कारण सर्वांत मोठे आहे. टाकी धुवायला, पाइप खळाळून साफ करायला आणि जोड तपासायला पाणी लागते. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये हाताशी असते. मे महिन्यात त्याच कामासाठी पिण्याचे पाणी ओतावे लागते.

वर्धा शहराची तहान धाम नदी भागवते. महाकालीच्या धरणातून नदीत सोडलेले पाणी येळाकेळी आणि पवनारकडे उचलले जाते. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला की हे पाणी उन्हाळ्यात तळाला जाते. २०१९ चा उन्हाळा वर्धेकर विसरलेले नसतील. हिंगणघाटला वणा नदी आहे, आर्वी-आष्टी-कारंज्याकडच्या खेड्यांत विहिरी आणि बोअर आहेत, पण उन्हाळ्याचे गणित सगळीकडे सारखेच. नळ एक दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येऊ लागला की घरातली टाकी हेच आपले छोटे धरण होते. त्या धरणाला गळती असून चालत नाही.

बर्फ नाही, तरी ताण आहे

थंड देशांत हिवाळ्यानंतर नळांची तपासणी करतात, त्यामागे बर्फाचे कारण असते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. पाइपात बर्फाचे बूच तयार झाले आणि पुढचा नळ बंद असला, की बूच आणि नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब भयंकर वाढतो आणि पाइप फाटतो. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात थंडीची मोठी लाट आली, तेव्हा असंख्य घरांत पाइप फुटून छतांतून पाणी कोसळले. उष्ण प्रदेश म्हणून तिथल्या पाइपांना थंडीचे आवरणच नव्हते. लेह किंवा कारगिलमध्ये कडाक्याच्या रात्री नळ किंचित वाहता ठेवतात, तोही याच भीतीपोटी.

वर्ध्यात पारा दहाच्या खाली उतरला तरी पाणी गोठत नाही. आपल्या पाइपांचा शत्रू वेगळा आहे, तो म्हणजे तापमानातला चढउतार. फेब्रुवारीत पहाटे पंधरा अंशांच्या आसपास असलेला पारा दुपारी तिशीच्या पुढे जातो. हे झाले हवेचे. गच्चीच्या कठड्यावरून गेलेला पाइप थेट उन्हात असतो आणि मे महिन्यात तो ६० अंशांपर्यंतही तापू शकतो.

प्लास्टिकचा पाइप तापला की लांबतो. दहा मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप १० अंशांवरून ६० अंशांवर गेला तर सुमारे तीन सेंटिमीटरने वाढतो. तेवढाच लोखंडी पाइप फक्त सहा मिलिमीटर वाढतो. म्हणजे लोखंडाच्या जवळजवळ पाचपट हालचाल प्लास्टिकच्या पाइपात होते, आणि ती वर्षातून एकदा नव्हे, कमी-अधिक प्रमाणात रोज होते. जुन्या रेल्वेमार्गांत दोन रुळांमध्ये फट ठेवत, ती याच वाढीला जागा मिळावी म्हणून. पाइपाला अशी जागा मिळाली नाही, तो दोन्ही टोकांना सिमेंटमध्ये किंवा क्लॅम्पमध्ये घट्ट आवळलेला असला, तर सगळा जोर एल्बो आणि टी यांच्या जोडांवर येतो. थंडीत पाइप आखडतो तेव्हा जोड ओढला जातो, उन्हात लांबतो तेव्हा दाबला जातो. वर्षानुवर्षे हे चालले की चिकटवलेला जोड हळूच सुटतो आणि एखाद्या सकाळी भिंतीवर ओलीचा डाग दिसतो.

छतावरून सुरुवात

तपासणी वरून खाली करावी, कारण पाणीही तसेच उतरते. सकाळी ऊन चढण्याआधी गच्चीवर जा आणि टाकीपासून खाली जाणाऱ्या प्रत्येक पाइपावरून हात फिरवा. हाताला पांढरी भुकटी लागली तर तो पाइप उन्हातल्या अतिनील किरणांनी झिजू लागला आहे. असा पाइप ठिसूळ होतो. मुलाचा चेंडू लागला किंवा माकडाने उडी मारली तरी तडकतो. सेलू, कारंजा भागात आणि वर्ध्याच्या कडेच्या वस्त्यांत माकडांच्या टोळ्या गच्चीवर येतात, तिथे हे विशेष लक्षात ठेवावे.

पाइप अजून धड असेल तर त्याला पाण्यात मिसळणारा पांढरा रंग द्या. रंगाने किरणे अडतात आणि पाइप कमी तापतो. जुने पोते सुतळीने गुंडाळले तरी चांगली सावली होते. रॉकेल किंवा थिनर लागणारा रंग वापरू नका, काही थिनर प्लास्टिकला मऊ करतात. क्लॅम्प पाइपाला धरून ठेवणारे असावेत, पण पाइप त्यात किंचित सरकला पाहिजे. लांब सरळ पाइपात मध्ये एखादा वळसा असला तर वाढ तिथे जिरते. नव्याने काम काढत असाल तर मिस्त्रीला हे आधीच सांगा, नंतर ते करता येत नाही.

मोटारीपासून टाकीपर्यंत चढणाऱ्या पाइपाकडे जास्त लक्ष हवे. टाकीतून घरात उतरणाऱ्या पाण्याचा दाब कमी असतो. दहा मीटर उंचीला साधारण एक बार. मोटारीच्या पाइपात मात्र याहून बराच जास्त दाब येतो. पीव्हीसीचा स्वभाव असा, की २३ अंशांना तो जितका दाब सहन करतो, त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी दाब तो ६० अंशांना सहन करतो. म्हणून दुपारभर उन्हात तापलेल्या रिकाम्या पाइपात अचानक मोटार सुरू करणे धोक्याचे. उन्हाळ्यात मोटार सकाळी किंवा दिवेलागणीला चालवावी. गरम पाण्याच्या ओळीसाठी साधा पीव्हीसी कधीच वापरू नये. त्यासाठी सीपीव्हीसी असतो, आणि त्याला जोडणारे सोल्युशनही वेगळे असते. एकाचे सोल्युशन दुसऱ्याला लावलेला जोड लवकर दगा देतो.

आता टाकी. झाकण नीट बसते का, ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी आहे का, हे आधी पाहा. मग बॉलकॉक. फुग्यात पाणी शिरले असेल तर तो बुडतो आणि टाकी वाहत राहते. दांडी वर उचलून धरा. पाणी पूर्ण थांबले पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर आतला वॉशर बदला. या एका छोट्या भागामुळे गच्चीवरून रात्रभर पाणी वाहून जाते आणि घरातल्या कुणाला पत्ताही लागत नाही.

टाकी धुण्याची वेळ हीच. पाणी वापरत वापरत तळाशी आणा, म्हणजे भरलेली टाकी ओतून द्यावी लागत नाही. तळाचा गाळ काढा, भिंती प्लास्टिकच्या ब्रशने घासा. तारेच्या घासणीने ओरखडे पडतात आणि त्यांत शेवाळ धरते. धुतल्यावर निर्जंतुक करायचे असेल, तर हजार लिटरच्या टाकीला साधारण १५० ते २०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरची निवळी टाकीत घालावी, टाकी भरून रात्रभर ठेवावी आणि सकाळी ते पाणी पिण्यात किंवा स्वयंपाकात न घेता सोडून द्यावे. मोरी आणि अंगण धुवायला ते चालते, झाडांना घालू नये. नंतर टाकी आणि नळ साध्या पाण्याने खळाळून घ्यावेत. ब्लीचिंग पावडर आणि संडासात वापरायचे अॅसिड हे दोन्ही एकत्र कधीही येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. जमिनीखालच्या टाकीत एकट्याने उतरू नका. बंद हौदात प्राणवायू कमी असू शकतो आणि त्यात ब्लीचिंगचा वास भरला तर माणूस बेशुद्ध पडतो. झाकण बराच वेळ उघडे ठेवा आणि उतरणाऱ्याकडे लक्ष ठेवायला वर एक माणूस उभा करा.

काळी टाकी उन्हात असेल तर तिच्यावर हिरवी नेट किंवा तट्ट्याची सावली करा. दुपारी नळाला हात लावता येत नाही इतके गरम पाणी येते, त्याचे कारण ती टाकी आणि तिच्याखालचा उघडा पाइप हेच असते.

गिझरमध्ये साठलेला हिवाळा

हिवाळ्याने घरात मागे ठेवलेली सर्वांत मोठी वस्तू गिझरच्या पोटात असते. वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. त्या खडकातून झिरपून विहिरीत आणि बोअरमध्ये येणारे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरोबर आणते. अशा पाण्याला आपण जड पाणी म्हणतो. त्यात साबणाला फेस येत नाही आणि डाळ लवकर शिजत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात.

थंड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. पाणी तापले की त्याचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, पांढऱ्या थराच्या रूपाने जिथे उष्णता जास्त तिथे, म्हणजे कॉइलवर, चिकटून बसते. बादलीत टाकायच्या हीटरच्या सळईवर चढणारे पांढरे कवच सगळ्यांनी पाहिले आहे. गिझरमध्ये तेच घडते, फक्त दिसत नाही.

हिशेब करून पाहू. समजा पाण्याचा कठीणपणा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे आणि घरात रोज ६० लिटर पाणी गिझरमधून जाते. चार महिन्यांच्या हिवाळ्यात ७,२०० लिटर पाणी गेले, म्हणजे २ किलो ८८० ग्रॅम क्षार गिझरमधून गेले. त्यातला दहावा हिस्सा जरी आत बसला तरी पावणेतीनशे ग्रॅमहून जास्त क्षार एका मोसमात साठला. हा थर उष्णता अडवतो. कॉइल आत लाल होते, पाणी मात्र उशिरा तापते, वीजबिल वाढते आणि एके दिवशी कॉइल जळते.

म्हणून गिझर बंद करण्याच्या दिवसांतच त्याची सफाई करावी. आधी वीज मुख्य बटणापासून तोडा, पाणी थंड होऊ द्या, मग खालच्या निचऱ्यातून ते बादलीत सोडा. बादलीच्या तळाशी पांढरे खडे आणि गाळ आला तर मेकॅनिकला बोलावून कॉइल बाहेर काढून घ्या. थर सोलण्यासाठी सायट्रिक अॅसिड, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्त्व, कोमट पाण्यात घालून कॉइल त्यात बुडवून ठेवली की क्षार फसफसून सुटतो. हातोडीने ठोकू नका. त्याच वेळी मॅग्नेशियमची ॲनोड सळई पाहून घ्या. ही सळई स्वतः झिजते आणि टाकीचे लोखंड गंजण्यापासून वाचवते. ती बोटाएवढी जाड असायची ती काडीसारखी झाली असेल तर बदलायलाच हवी.

गिझरच्या थंड पाण्याच्या जोडणीवर दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्याची कळ उचलून पाहा. थोडे पाणी बाहेर पडले पाहिजे. क्षाराने तो अडकला असेल तर थर्मोस्टॅट बिघडल्याच्या दिवशी आतला दाब जायला वाट राहत नाही आणि गिझर फुटू शकतो. हा व्हॉल्व्ह गळतो म्हणून त्याला बूच मारून ठेवणारी घरे आहेत. हे कधीही करू नये.

उन्हाळाभर गिझर वापरणार नसाल तर रिकामा करून ठेवा. चाळीस अंशांच्या आसपास महिनोन्महिने साचलेले पाणी लिजिओनेला नावाच्या जिवाणूला मानवते आणि त्या पाण्याचे तुषार श्वासातून गेले तर न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. रिकामा गिझर चुकून सुरू झाला तर कॉइल जळते, म्हणून बटणावर ‘टाकी रिकामी’ अशी चिठ्ठी चिकटवा. सोलरचे पाणी तापवण्याचे यंत्र असेल तर उन्हाळ्यात त्याच्या नळ्यांपैकी काहींवर पोते टाका आणि वाफ जाण्याचा पाइप मोकळा आहे का ते पाहा.

ठिबकणारा नळ मोजून पाहा

थेंबाथेंबाने किती पाणी जाते, हे तोंडी सांगून पटत नाही. ते मोजावे. ठिबकणाऱ्या नळाखाली भांडे ठेवा आणि दहा मिनिटांनी त्यातले पाणी औषधाच्या मापाने मोजा. त्या आकड्याला १४४ ने गुणले की चोवीस तासांचा हिशेब येतो. दहा मिनिटांत १०० मिलिलिटर जमले तर दिवसाला १४ लिटर ४०० मिलिलिटर पाणी गेले. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी दिवसाला ५५ लिटर पाण्याचे माप धरले आहे. म्हणजे एक ठिबकणारा नळ एका माणसाच्या वाट्याचा चौथा हिस्सा रोज मोरीत सोडतो.

जुन्या, फिरवून बंद करायच्या नळात बहुतेक वेळा रबरी वॉशर झिजलेला असतो. तो काही रुपयांना मिळतो आणि पान्हा असेल तर घरच्या घरी बदलता येतो. मुख्य चावी बंद करा, नळाचे डोके खोला, स्पिंडलच्या टोकाचा वॉशर काढा आणि त्याच मापाचा नवा बसवा. नळ जोर लावून पिळण्याची सवय मात्र सोडावी लागेल. त्या जोराने वॉशर चिरडतो आणि बसण्याची पितळी कड खराब होते. मग नवा वॉशरही गळतो. अर्ध्या फेरीत उघडणाऱ्या नव्या नळात सिरॅमिकच्या चकत्या असतात. बोअरच्या पाण्यातली रेती त्यांना ओरखडते. तिथे आतला संपूर्ण भाग बदलावा लागतो. नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवरची चाळणी क्षाराने बुजली असेल तर ती काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर ठेवा.

फ्लशच्या टाकीची गळती डोळ्यांना दिसत नाही आणि आवाजही करत नाही. टाकीत खाण्याचा थोडा रंग टाका आणि वीस मिनिटे फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला रबर गळतो आहे. घराला मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा आणि सकाळी पुन्हा पाहा. आकडा पुढे गेला आहे, पण टाकीत पाणी चढले नाही आणि घरात कुणी नळ उघडला नाही, असे झाले तर गळती भिंतीत किंवा जमिनीत आहे.

मुख्य चाव्या वर्षातून दोनदा तरी पूर्ण बंद करून पुन्हा उघडाव्यात. वर्षानुवर्षे न हललेली चावी क्षाराने आणि गंजाने जागीच धरते. पाइप फुटलेल्या दिवशी ती फिरली नाही तर सगळी टाकी घरात रिकामी होते. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, मुख्य चावी कुठे आहे हे दाखवून ठेवा.

मोरीखालचा पाइप

हिवाळ्यात साजूक तूप, साय आणि वनस्पती तूप मोरीच्या पाइपात गोठते. उन्हाळ्यात ते पुन्हा मऊ होते, पण तोपर्यंत त्याला भाताची शिते, चहाचा चोथा आणि राख चिकटून बूच झालेले असते. खालचा बॉटल ट्रॅप हाताने खोलून साफ करा, खाली बादली ठेवायला विसरू नका. नंतर खाण्याचा किंवा धुण्याचा सोडा घालून कढत नसलेले, हाताला सोसवेल असे गरम पाणी ओता. पीव्हीसीच्या पाइपात उकळते पाणी ओतल्याने जोड मऊ पडतात. तव्यावरचे तूप-तेल आधी कागदाने पुसून मगच भांडे घासायला टाकले तर हा त्रास फारसा होतच नाही.

न्हाणीच्या जाळीखालच्या वळणात नेहमी थोडे पाणी उभे असते. गटारातला वायू, झुरळे आणि डास घरात येऊ नयेत म्हणून केलेली ती सोय आहे. उन्हाळ्याच्या सुटीत घर बंद करून गावाला गेलात तर विदर्भाच्या कोरड्या हवेत ते पाणी काही दिवसांत उडून जाते. निघताना प्रत्येक जाळीवर पाणी ओता आणि वर प्लास्टिक टाकून वजन ठेवा.

कूलर जोडण्याआधी

विदर्भात कूलरही नळकामाचाच भाग आहे. त्याला पाइप असतो, बॉलकॉक असतो, पंप असतो आणि निचराही असतो. कूलर पाणी उडवून हवा थंड करतो, क्षार मात्र मागेच राहतात. समजा एका कूलरमधून दिवसाला ४० लिटर पाणी उडते आणि त्याचा कठीणपणा ४०० मिलिग्रॅम आहे, तर रोज १६ ग्रॅम आणि महिन्याला जवळजवळ अर्धा किलो क्षार ताट्यांवर आणि टाकीत बसतो. पांढऱ्या पडलेल्या ताट्यांतून हवा नीट येत नाही. म्हणून मोसमाच्या सुरुवातीला ताट्या बदला, पाणी सोडणाऱ्या नळीची भोके सुईने मोकळी करा आणि दर आठवड्याला तळाचे पाणी पूर्ण काढून टाका.

आठवड्याचे हे बंधन डेंग्यूसाठीही पाळायचे आहे. एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भिंतीला चिकटतात आणि कोरडी होऊनही काही महिने जिवंत राहतात. गेल्या वर्षी न घासता ठेवलेल्या कूलरमध्ये ती आजही असू शकतात. नुसते पाणी ओतून देऊ नका, टाकीच्या कडा घासा.

आणि वीज. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय आणि वायरचे सोललेले टोक, एवढ्यावर जीव जातो. कूलरला अर्थिंग असलीच पाहिजे, घराच्या बोर्डावर वीज गळताच पुरवठा तोडणारा ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी असावा आणि पाणी भरण्याआधी कूलर बंद करून प्लग काढावा. लहान मुलांना पाणी भरायला पाठवू नये. अर्थिंग आणि वायरी इलेक्ट्रिशियनकडून मार्चमध्येच तपासून घ्या.

रस्त्यावरच्या जोडणीपर्यंत

आपल्या दारापर्यंत येणारा पाइप आपल्याच जबाबदारीचा भाग असतो आणि तो बरेचदा गटाराच्या कडेने येतो. पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर उरलेला वेळ ती ओळ रिकामी असते. गळक्या जोडातून आत पाणी असताना ते बाहेर पडते, आणि ओळ रिकामी झाली की बाहेरचे घाण पाणी आत शिरते. नळाला थेट टिल्लू पंप लावला की ओळीत शोषण निर्माण होते आणि हे गटाराचे पाणी आणखी जोराने ओढले जाते. त्यामुळे टिल्लू पंप शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी तर घेतोच, गल्लीतल्या सगळ्यांच्या पोटात आजारही पोहोचवतो. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्यामुळेच.

नळाला सुरुवातीला गढूळ किंवा वास येणारे पाणी येत असेल तर ते काही मिनिटांत साफ झाले म्हणून सोडून देऊ नका. तक्रार करा आणि आपल्या मीटरपासून रस्त्यापर्यंतचा पाइप पाहून घ्या. गंजलेला जुना लोखंडी पाइप गटारातून जात असेल तर तो बदलणे आणि गटाराच्या वरून किंवा दुसऱ्या बाजूने नेणे, हा त्या वर्षातला सर्वांत चांगला खर्च ठरेल.

महिन्याची आखणी

सगळे एका दिवसात होत नाही, करूही नये. शिवरात्रीच्या आठवड्यात गच्चीवरचे पाइप, बॉलकॉक आणि टाकी. पुढच्या आठवड्यात नळ, फ्लश, मुख्य चाव्या आणि मीटरची रात्रीची परीक्षा. होळीपर्यंत गिझरची सफाई आणि मोऱ्या. होळीनंतर कूलर आणि वीज. पाडव्याच्या आधी रस्त्यावरची जोडणी. प्लंबरला बोलावताना कामांची यादी करून एकदाच बोलवा. एप्रिल-मेमध्ये तो तुमच्या दारी येईपर्यंत टाकी दोनदा रिकामी झालेली असते. त्याच्यासमोर उभे राहून पाइपाचा प्रकार, जोडांची जागा आणि चाव्यांची ठिकाणे एका कागदावर काढून घ्या. पुढच्या वर्षी भिंत फोडण्याआधी तो कागद उपयोगी पडेल.

धरणात किती पाणी उरले आहे, हे आपल्या हातात नाही. पाऊसही नाही. पण धामचे, वणाचे किंवा बोअरचे पाणी आपल्या टाकीत चढल्यानंतर ते माणसाच्या कामी येते की भिंतीत मुरते, हे पूर्णपणे घराच्या हातात आहे. गल्लीतल्या वीस घरांनी आपापले ठिबकणारे नळ आणि वाहणाऱ्या टाक्या मार्चमध्ये दुरुस्त केल्या, तर मे महिन्यात गल्लीच्या शेवटच्या घरालाही नळाचे पाणी पुरते. उन्हाळ्यात टँकर मागण्याआधी करण्याजोगे हे पहिले काम आहे, आणि त्याची वेळ आत्ता आहे.